विनीला नापास व्हायचं होतं

मंगळवारी सकाळी साडेदहाला विनी ऑर्मरॉडला चहा करून दाखवायचा होता, आणि तो बिघडवायचाही होता.

हसू नका. थॉर्नशॉ गावच्या सरकारी दवाखान्यात म्हातारं माणूस घरी जाण्याजोगं झालं की नाही, हे असंच ठरतं. वॉर्डाच्या टोकाला एक खोटं स्वयंपाकघर आहे. खोटं म्हणजे तसं सगळं खरंच, ओटा, नळ, किटली, फ्रिजमध्ये दूध, फक्त तिथे कोणाचं बिऱ्हाड नाही. म्हाताऱ्या माणसाला तिथे उभं करायचं आणि म्हणायचं, करा चहा. एक बाई कागद घेऊन बाजूला थांबते. पाणी किती भरलं, किटली उचलताना तोल गेला का, दूध कुठे आहे ते आठवलं का, एकेकापुढे खूण करत जाते. खुणा तीनच. स्वतंत्र, थोडी मदत लागते, जमत नाही. माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल एका कप चहात.

विनी ब्याऐंशीची. एकतीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांचं दुपारचं जेवण रांधलं होतं. सात आठवड्यांपूर्वी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला गेली, पायरीवर बर्फ गोठला होता, आणि बाई पडली ती खुबा नि डावं मनगट दोन्ही मोडून घेऊनच. खुब्याला सळई बसली, मनगटाचं प्लॅस्टर निघालं. पण त्या हातात जोर म्हणून आला नाही.

तिला स्वतःचं काही पडलं नव्हतं. जीव अडकला होता क्लिफमध्ये. क्लिफ तिचा नवरा, चौऱ्याऐंशीचा, गावची बस चालवून निवृत्त झालेला, आणि गेली पाच वर्षं विसरण्याच्या आजाराने पोखरलेला. ती दवाखान्यात पडल्यावर त्याला गावातल्याच एका वृद्धाश्रमात तात्पुरता ठेवला होता. तात्पुरता म्हणजे या शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी विनी घरी असली तर क्लिफ घरी येणार. नसली तर त्याला सँडरिगला हलवणार, समुद्रकाठी, साठ मैलांवर, जिथे कायमची एक जागा रिकामी झाली होती. दोन आगगाड्या बदलायच्या आणि वर एक बस. वॉकर धरून चालणारी बाई तिथे कितीदा जाणार? मुलगा एकुलता एक, तो ऑस्ट्रेलियात. दर रविवारी फोनवर दिसायचा आणि “काळजी घे हं आई” म्हणायचा.

चहा बिघडवण्याची अक्कल तिला दिली शेजारच्या खाटेवरच्या मोरीन डगडेलने. मोरीन या वॉर्डात चौथ्यांदा आली होती. डॉक्टरांपेक्षा तिला जास्त कळायचं, निदान तिचं तसं म्हणणं होतं.

“हे बघ विनी, दोन्हीकडे खड्डा आहे,” मोरीन टोस्टवर जॅम फासत म्हणाली. “पास झालीस तर सोडतील घरी, पण एकटी. मदतीला कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. साफ नापास झालीस तर तुलाच आश्रमात टाकतील, मग क्लिफचं नावच काढू नकोस. तुला मधलं पाहिजे. थोडी मदत. मग दवाखान्याच्याच बायका सहा आठवडे सकाळ-संध्याकाळ घरी येतात, पहिल्या दिवसापासून. क्लिफला उठवतील, आंघोळ घालतील, तुला हात देतील. तोवर तुझं मनगट जोर धरेल.”

“आणि मधलं करायचं कसं?”

“पाणी सांड. बादलीभर नको, वाटीभर. दूध विसर, मग आठव. एकदा ओट्याला टेकून आई गं म्हण. पण अंगात येऊ देऊ नकोस हं! मागच्या वर्षी मी रंगात आले आणि साखरेच्या जागी मीठ टाकलं. लिहिलं बायांनी, डोक्यात गोंधळ. चार महिने कुलपाच्या वॉर्डात काढले. नटी व्हायला गेले नि वेडी ठरले.”

विनीला हसू आलं आणि भीतीही वाटली. “मोरीन, मला असं खोटं नाही गं करता येत.”

“खोटं कुठलं आलंय त्यात? काल ब्लाउजचं बटण लावताना रडलीस ना?”

“रडले नाही. डोळ्यांत पाणी आलं.”

“मग तेच सांग ना तिला, बये! तोंड आहे ना देवाने दिलेलं?”

आता इथेच सगळी मेख होती. या गावच्या बायकांना सगळं येतं, फक्त ‘मला होत नाही’ एवढं म्हणता येत नाही. अर्ध्या मेल्या असल्या आणि कोणी विचारलं कसं काय, तरी म्हणतील, तक्रार नाही. यांच्या आयांनी लढाईत रेशनच्या रांगेत उभं राहून हेच शिकवलं, दुसऱ्याला त्रास देऊ नये, आपल्यापेक्षा वाईट हाल असलेले खूप आहेत. चांगलं म्हणावं की मूर्खपणा म्हणावा? मला विचाराल तर दोन्ही. विनीच्या आईने तर पोटातली गाठ वर्षभर लपवली होती, डॉक्टर बिचारे कामात असतात म्हणून.

साडेदहाच्या जागी अकराला रुखसाना आली. घरी कोण जगू शकेल आणि कोण नाही हे पाहणारी थेरपिस्ट ती. वय चाळिशीच्या आत, पण डोळ्यांखाली काळं. विनी वॉकर सरकवत तिच्या मागोमाग त्या स्वयंपाकघरात गेली. मनात घोकत होती, वाटीभर पाणी, दूध विसरायचं, आई गं.

“तुम्ही मला ओळखणार नाही,” रुखसाना कागद लावता लावता म्हणाली. “मी तुमच्या शाळेत होते. जॅमचा केक आणि वर कस्टर्ड. तुम्ही मला नेहमी कडेचा तुकडा द्यायचात, तो मोठा असायचा म्हणून.”

विनीचा चेहरा उजळला. “कोपऱ्यात बसायचीस का गं तू? चष्मेवाली?”

“तीच.” रुखसाना भिंतीला टेकली. टेकली म्हणजे अंग सोडूनच दिलं तिने. “करा सुरुवात. घाई नाही.” पण असं म्हणताना तिने घड्याळाकडे पाहिलंच.

विनीने किटली नळाखाली धरली. आता सांडायचं, तिने ठरवलं. आणि नेमकी तिची नजर त्या पोरीच्या हाताकडे गेली. हात थरथरत होता.

“सकाळपासून काही खाल्लंस का?”

“हो. म्हणजे बिस्किट. तुम्ही माझं राहू द्या हो, विनीबाई.”

“आणि गरम काही? शेवटचं कधी प्यालीस?”

रुखसाना विचार करू लागली. खरोखरच विचार करावा लागला तिला. “काल बहुतेक.”

संपलं! तिथेच संपलं हो सगळं. समोर दमलेलं माणूस उभं आहे, हाताशी किटली आहे, आणि विनी ऑर्मरॉड त्याला सांडलेला, बिनदुधाचा, गचाळ चहा देणार? एकतीस वर्षांत तिने कोणाला कोमट कस्टर्ड वाढलं नव्हतं. हात आपोआप चालू लागले. तिने दोन जणांचं पाणी मोजून भरलं. कपाटाच्या मागून चिनीमातीची किटली शोधून काढली, ती त्या स्वयंपाकघरात आहे हे रुखसानालाही ठाऊक नव्हतं. ती गरम पाण्याने आधी विसळून घेतली, चहा मुरू दिला, दूध बेताने घातलं. डाव्या हाताने झाकण दाबताना मनगटातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर बाईने पाठ वळवली, फडकं घेतलं आणि ओटा पुसल्याचं निमित्त करून ती कळ गिळली. वर फडकंही पिळून नीट वाळत घातलं.

“बस. आधी पी. मग लिही काय लिहायचं ते,” ती म्हणाली.

रुखसाना स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी कप धरून प्यायली. तिचे डोळे भरून आले. “किती दिवसांनी कोणीतरी माझ्यासाठी चहा केलाय,” ती म्हणाली, आणि मग कागद ओढून भराभर खुणा केल्या. स्वतंत्र, स्वतंत्र, स्वतंत्र. शेवटी एक ओळही लिहिली. स्वतःहून दुसऱ्यासाठीही चहा केला, नियोजन उत्तम.

विनी खाटेवर परतली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते मोरीनने पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“पास झालीस! सांग, झालीस ना पास?”

“बिचारी पोर उपाशी होती गं.”

“पोर उपाशी होती! आणि क्लिफला कोण उठवणार, ती पोर येणारे? अगं बाई, तुला एक चहा बिघडवता येईना? माझी सून रोज बिघडवते, काही न शिकता!”

विनी हसली नाही. आत्ता कुठे तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. तिने पुन्हा वॉकर धरला आणि लांबलचक वॉर्ड पार करून, दोनदा थांबून, रुखसानाची खोली गाठली. ती कॉम्प्युटरपुढे उभ्या उभ्याच टाइप करत होती.

“पोरी, मला परत घे परीक्षेला,” विनी म्हणाली. धाप लागली होती. “मी तुला नीट दाखवलं नाही. हा हात कामाचा नाही. हे बघ, मूठसुद्धा वळत नाही. मला नापास कर. पूर्ण नको. थोडी.”

रुखसानाने हळूच तिचं मनगट हातात घेतलं. ते सुजलं होतं.

“बारा वाजताच्या मीटिंगला कागद गेला, विनीबाई. घरी जाणाऱ्या मदतनिसांची या आठवड्यात एकच जागा उरली होती. तुमचंच नाव मनात धरून ठेवलं होतं मी. पण तुम्ही चहा असा केलात... ती जागा सहा नंबरच्या खाटेवरच्या काकांना दिली.”

“मग पुढच्या आठवड्यात?”

“पुढच्या आठवड्यात मिळेल याचा भरवसा नाही. आणि तुम्ही थांबलात तर शुक्रवार जातो. तुमचे मिस्टर सँडरिगला जातात.” तिने मनगट अजून सोडलं नव्हतं. “खालच्या व्हरांड्यात स्ट्रेचरवर अकरा माणसं पडून आहेत. त्यातल्या एका आजींना तुमची खाट लिहिलीय, उद्या दोनला. मी तुमचा हात बघायला हवा होता. मी चहा पीत बसले.”

“तुझी काय चूक त्यात,” विनी पटकन म्हणाली. “आमचं जमेल गं. दोघंच तर आहोत.”

पाहिलंत? पुन्हा तेच. जीभ तोडून टाकावी असं तिला नंतर वाटलं.

शुक्रवारी क्लिफ आला. छोट्या बसमधून उतरला, हातात प्लॅस्टिकची पिशवी, अंगात दुसऱ्याच कोणाची पँट, घोट्याच्या चार बोटं वर. गाल बसले होते. पण दारात विनीला पाहिलं आणि त्याचा चेहरा असा काही खुलला की पोचवायला आलेला माणूससुद्धा हसला.

“होतीस कुठे तू? मी सगळ्या स्टॉपवर पाहिलं,” तो म्हणाला.

“इथेच होते रे. ये आत.”

ते दोन दिवस बरे गेले, हे सांगितलंच पाहिजे. तिने डब्यातलं सूप गरम केलं, ब्रेडवर चीज भाजलं, आणि तिकडे महिनाभर चमचा तोंडात न घेणारा क्लिफ ताट पुसून जेवला. शनिवारी दोघं खिडकीत बसून समोरच्या चढावरच्या बसगाड्या मोजत राहिले. गाडी उशिरा आली की तो ड्रायव्हरला शिव्या घालायचा. रात्री त्याने तिचा हात धरला आणि नाव घेऊन हाक मारली, बरोबर नाव. सात आठवडे ज्यासाठी तडफडलं ते मिळालं असं तिला वाटलं. मनगट मात्र फुगत चाललं होतं. ती ते स्वेटरच्या बाहीत लपवून ठेवत होती. कोणापासून, देव जाणे.

सोमवारी सकाळी आठला क्लिफ पलंगावरून उठला आणि कपाट नि पलंग यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत घसरून खालीच बसला. लागलं कुठेच नाही. पण उठता येईना. विनीने काखेत हात घालून ओढलं, तर मनगटात काहीतरी कट्कन वाजलं आणि ती स्वतःच पलंगावर कोसळली. उशा लावून पाहिल्या, खुर्ची आणून पाहिली. शेजारचं घर सुट्टीवर येणाऱ्यांना आठवड्यापुरतं भाड्याने देतात, तिथे आज कोणी नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. रक्त आहे का? नाही. शुद्ध आहे का? आहे. मग सात-आठ तास लागतील, बाई, त्यांना हलवू नका, ऊब द्या.

अकरापर्यंत त्याचे कपडे ओले झाले होते. त्याला थंडी वाजू लागली. अ‍ॅम्ब्युलन्सला पुन्हा फोन केला, तर म्हणाले रांग वाढलीय, रात्रच होईल. पाय दुमडलेले, निळसर. अधूनमधून तो कण्हायचा आणि मग तिच्याकडे पाहून माफी मागायचा. विनी कशीबशी पलंगाच्या कडेला टेकून खाली बसली, गोधडी दोघांवर ओढली, आणि कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, मदत विभागाचा नंबर फिरवला. चाळीस मिनिटं फोनवर नुसता बाजा वाजला. मग लोरेन नावाची बाई फोनवर आली.

“आमचं जमत नाहीये,” विनी म्हणाली.

ब्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. आणि एकदा बांध फुटल्यावर सगळंच बाहेर पडलं, मनगट, खुबा, ओली पँट, कपाटाजवळची जागा, मागचे तीन दिवस, आईची गाठसुद्धा. लोरेनने मधे तोडलं नाही. कळफलकाचा आवाज येत होता.

“विनीबाई, इथे गेल्या मंगळवारची नोंद आहे. तुम्ही पूर्ण स्वतंत्र आहात असं दिसतंय. दुसऱ्यासाठीही चहा करता, असं लिहिलंय.”

“तो मी... ती पोर उपाशी होती हो.”

“नवीन तपासणीला मी नाव घालते. सध्या चौदा आठवडे लागतायत.”

“चौदा तास काढायचा नाही हा माणूस! गार पडलाय तो!”

पलीकडचा कळफलक थांबला. मग लोरेन हलक्या आवाजात बोलली, खुर्चीत पुढे झुकून बोलावं तशी. “मी तुम्हाला काय बोला ते सांगू शकत नाही. फक्त नियम सांगते. घरात सांभाळणारं माणूस आहे तोवर तुम्ही यादीत. पण सांभाळणाऱ्या माणसाने जबाबदारी सोडली, साफ नकार दिला, तर आजारी माणसाला कोणीच नाही असं धरतात. मग आजच्या आज हलवावं लागतं. तासाभरात दोन माणसं येतील, उचलायचं सामान घेऊन.”

“आणि न्यायचं कुठे?”

“जागा एकाच ठिकाणी आहे. सँडरिग.” आणि मग, “ती कायमची आहे, विनीबाई. एकदा नकार नोंदला की घरी परत पाठवत नाहीत. माझ्या हातात असतं तर...”

विनीने क्लिफकडे पाहिलं. त्याचे ओठ राखाडी झाले होते. तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून, तिची बाही बोटांत धरून बसला होता. फोन मोठ्या आवाजावर होता, कारण तिला कमी ऐकू यायचं. म्हणजे जे म्हणायचं ते त्याच्या कानाशीच म्हणायला हवं होतं. उठून बाजूला जायची ताकद तिच्यात नव्हती. चोपन्न वर्षांचा संसार तिचा, आणि तो संपवायला तिला एक वाक्य बोलायचं होतं, तेही खणखणीत, नोंदीत बसेल असं. एक चहा धड बिघडवता आला नाही, त्याची ही भरपाई. तिला स्वतःची इतकी चीड आली की रडूही येईना.

“मी त्याला सांभाळणार नाही,” ती म्हणाली.

“पुन्हा एकदा सांगाल? सावकाश. मला तसंच लिहावं लागतं.”

“मी त्याला यापुढे सांभाळणार नाही. घेऊन जा त्याला.”

कळफलक वाजला. लोरेन म्हणाली माणसं निघतील, दार उघडं ठेवा, आणि फोन ठेवला.

क्लिफने मान वर केली. सगळं नीट ऐकलं होतं त्याने. कपाळाला आठी घालून तो विचार करत होता.

“कोणाला सांभाळणार नाहीस गं?”

विनीने गोधडी त्याच्या मानेभोवती घट्ट केली.

“आहे एक माणूस,” ती म्हणाली. “तुझ्या ओळखीतला नाही.”

“बिचारा,” क्लिफ म्हणाला, आणि पुन्हा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून थरथरत राहिला.